सबनीस सर आणि बर्फाखालचा कॅमेरा

"तुमच्या डीप फ्रीजरचं तापमान किती असतं?"

सबनीस सरांचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. नमस्कार नाही, ओळख नाही. दुपारची जेवणं आटपून मी हॉटेलच्या मागच्या दारात कांदे सोलत बसलो होतो, आणि समोर हा पन्नाशीचा, माकडटोपी घातलेला मराठी माणूस सायकल लावून उभा. मी म्हटलं, माहीत नाही. त्यावर ते जे भडकले ते पुढची दहा मिनिटं. रोज त्यातली कोंबडी लोकांना खायला घालतोस आणि तुला माहीत नाही? वर काटा आहे ना? मग तो काय नक्षी म्हणून लावलाय? मी घाबरून आत जाऊन पाहून आलो. उणे अठरा.

"हं. आता कसं," ते म्हणाले. "यात मला कॅमेरे ठेवायचेत."

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. हर्णैकडच्या एका गावात आमची होडी. तिच्यावर रांधता रांधता हात बसला, मग पुण्यात हॉटेलात लागलो, आणि तिथून मालकांनी मला जपानला, त्सुकुबाला आणलं. मालक दिल्लीकडचे. माझा व्हिसा त्यांच्या हॉटेलच्या नावावर, राहायची खोली त्यांची. त्यांचे उपकार मी आजही नाकारत नाही. पण उपकाराखालचा माणूस कुठल्याही गोष्टीला आधी घाबरतो आणि मग हो म्हणतो. मी घाबरलो आणि हो म्हणालो.

त्या वर्षांत पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरची मुलं जपानात खूप येत होती. टोकियोहून नवी रेल्वे सुरू झाल्यावर त्सुकुबातही वाढली. दुपारी आमच्याकडे त्यांचं एक टेबल ठरलेलं असायचं. पाच पोरं, त्यांचे टीम लीडर केदारसाहेब, आणि कडेच्या खुर्चीवर सबनीस सर. पोरं प्रोग्रॅम लिहायची, सर तपासायचे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हीच त्यांची नोकरी. "मला भांडायलाच ठेवलंय," असं ते स्वतःच सांगायचे. नुसतं ऑफिसात नाही. आमच्या दाराची बिजागरी, पाण्याचा जग, मेन्यूकार्डावरचे फोटो, सगळ्यावर त्यांचा राग. फोटोत पाच कोळंब्या आणि वाडग्यात तीन आल्या, तेव्हा त्यांनी मालकांना बोलावून दोन्ही शेजारी ठेवून मोजायला लावलं. पोरं माना खाली घालून हसत होती. मला मात्र मालकांच्या चेहऱ्याकडे बघून घाम फुटला होता.

त्यांचं काम काय, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तिकडे डोंगरांवरची तळी हिवाळ्यात गोठतात. लोक बर्फाला गोल भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकून बसतात आणि वाकासागी नावाचा बोटाएवढा चंदेरी मासा पकडतात. आमच्या मांदेलीहून बारीक. तो आमिष इतकं हलकं चाखतो की काठीचं टोकसुद्धा हलत नाही. म्हणून हौशी लोक शेजारच्या भोकातून वायरीला बांधलेला छोटा कॅमेरा खाली सोडतात आणि मांडीवरच्या पडद्यावर बघतात, मासे किती खोलीवर आहेत, आमिषापाशी येतात की नाही. असा कॅमेरा बनवणारी एक जुनी, लहानशी कंपनी होती. त्यातलं सॉफ्टवेअर आपली पोरं लिहीत होती. आणि तो बाजारात जायच्या आधी सरांनी तपासून कागदावर शिक्का द्यायचा होता.

पण सर म्हणाले, "आधी मी गिऱ्हाईक होणार. गिऱ्हाईक झाल्याशिवाय काय तपासू?"

कंपनीनं बघण्यासाठी इतर कंपन्यांचे चार कॅमेरे विकत आणून ठेवले होते. ते आमच्या फ्रीजरमध्ये आले, मटाराच्या पिशव्यांशेजारी. रोज दुपारी तीन ते पाच हॉटेल बंद असायचं, तेव्हा सर यायचे. एक कॅमेरा बाहेर काढायचे आणि माझ्या हातात वायर द्यायचे. "वाकव." पहिल्याची वायर गजासारखी ताठ झालेली. सर म्हणाले, ही भोकात सोडलीस तर कॅमेरा आमिषाकडे बघणारच नाही, वायर नेईल तिकडे बघेल. दुसऱ्याची बॅटरी थंडीत अर्ध्या तासात झोपली. तिसऱ्याच्या काचेवर बाहेर काढताच आतून वाफ धरली. मला वाटलं बाहेरून आहे, म्हणून मी खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. फडकं फोडणीचं. सरांनी काच उजेडात धरली, पिवळी झालेली पाहिली आणि मग स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. "छान. आता मासे हळदीकुंकवाला येतील."

चौथा कॅमेरा दिसायला अगदी गबाळा होता. काळंपांढरं चित्र, मोठं थोरलं बटण, जाड पण मऊ वायर, दर मीटरला रंगीत पट्टी गुंडाळलेली. तो तासन् तास चालला. सरांनी मग तसाच स्वतःसाठी घ्यायचं ठरवलं, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी मला घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. मी कोळ्याचा, म्हणून. दुकानदार बिचारा रंगीत पडद्याचा नवा कॅमेरा दाखवत होता, काचेच्या टाकीत सोडून. सरांनी पिशवीतून लोकरीचे जाड हातमोजे काढले, घातले, आणि त्याची बारकी बटणं दाबून पाहिली. एका वेळी तीन दाबली गेली. मग पडदा उचलून बाहेर उन्हात नेला. "काय दिसतंय?" मला विचारलं. मी म्हटलं, तुमचं तोंड. "ते बघायला मी कशाला बर्फावर जाऊ?" त्यांनी गबाळाच घेतला. परत येताना म्हणाले, "तुझ्यासारखा आहे. रूप नाही, पण थंडीत काम करतो." ही त्यांची शाबासकी. मी त्या दिवशी खोलीवर येऊन आरशात पाहिलं होतं, हे कशाला लपवू.

फेब्रुवारीत एका मंगळवारी ते मला तळ्यावर घेऊन गेले. कंपनीनं नव्या कॅमेऱ्याचा नमुना मोरिता-सान नावाच्या एका म्हाताऱ्याला वापरून बघायला दिला होता. ऐंशीच्या आसपासचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले, हात अजून रुंद. आम्ही तिघं बर्फावर बसलो. सरांच्या मांडीवर त्यांचा गबाळा, मोरिता-सानांच्या मांडीवर नवा. सर मला सांगत होते, कॅमेरा गळाच्या भोकात कधी सोडायचा नाही, दोरी गुरफटते. शेजारचं भोक, हातभर अंतरावर. कॅमेरा आधी थंड होऊ द्यायचा, गाडीच्या उबेतून काढून थेट पाण्यात नाही. पांढरा दिवा लावायचा नाही, मासा बिचकतो आणि तळाचा गाळ धुक्यासारखा चमकतो. मी बघत होतो. त्या काळ्यापांढऱ्या चित्रात माशांचा थवा आला की अंगावर काटा यायचा. होडीवर एवढी वर्षं काढली, पण मासा आमिषाचा विचार करताना मी पहिल्यांदा पाहिला.

मोरिता-सानांनाही थवा दिसत होता. सात-आठ मासे, आमिषाला अगदी चिकटून. ते हळूच काठी हलवत, थांबत, पुन्हा हलवत. एकही लागत नव्हता. आमच्याकडे पंधरा-वीस झाले, त्यांच्याकडे काही नाही. खूप वेळानं सर उठून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ पुढे सरकत होती, खोलीचे आकडे बदलत होते. सरांनी मोरिता-सानांना काठी जरा वर ओढायला सांगितली. काठी वर आली. पडद्यावरचं आमिष जागच्या जागी.

चित्र केव्हाचंच थांबलं होतं. थंडीनं आतलं यंत्र अडकलं, आणि पडदा शेवटचं चित्र तसंच धरून बसला, वर आकडे फिरवत. तो म्हातारा किती तरी वेळ निघून गेलेल्या माशांना काठी हलवून दाखवत होता.

सरांनी त्यांना जपानीत ते समजावलं. मोरिता-सान उठले, वाकले आणि म्हणाले, यंत्र उत्तम आहे, माझाच हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. तुम्हाला तसदी झाली.

त्या क्षणी सरांचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही. गाडीत बसल्यावर सुरू झाले ते त्सुकुबा येईपर्यंत. यंत्रानं फसवलं आणि माफी म्हातारा मागतोय. चित्र थांबलं तर पडदा काळा कर ना. आंधळा झालास तर आंधळा झालो म्हण. गेलेला मासा कशाला दाखवतोस? त्यांच्या रागाला काही तरी उत्तर द्यायला हवं म्हणून मी म्हटलं, सर, मीही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, मला वाटलंच होतं आमिष हलत नाहीये. ते आणखीच चिडले. "तुझं काय रे यात? तूही माफी मागणार? दुकान काढलंयत का तुम्ही सगळ्यांनी माफीचं?"

उन्हाळाभर पोरांनी त्यावर काम केलं. ऑक्टोबरात सर पुन्हा आमच्या फ्रीजरपाशी आले. आता त्यांचा मुक्कामच तिथे असायचा. नवा कॅमेरा उणे अठरात ठेवायचा, बर्फ घातलेल्या बादलीत सोडायचा, बादलीत मी चमचा हलवायचा आणि पडद्यावर चमचा हलतो का ते बघायचं. रोज एक कागद भरायचा. त्या कागदावर त्यांचा शिक्का. अंगठ्याएवढी लाकडी कांडी, टोकाला जपानी अक्षरांत त्यांचं नाव. तिकडे सहीऐवजी हाच चालतो. शिक्का, लाल शाईची डबी आणि कागद ते एका स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरवर ठेवून जायचे. ऑफिसात ठेवत नसत. तिथे कुणी रजेवर असला की शेजारचा त्याच्या ड्रॉवरमधून शिक्का काढून मारून टाकतो, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही, असं ते चिडून सांगायचे.

चमचा बहुतेक वेळा हलायचा. कधीतरी नाही हलायचा. सर कागदावर लिहायचे, नापास.

केदारसाहेब जेवायला आले की दोघांचं टेबलावरच जुंपायचं. केदारसाहेब वाईट माणूस नव्हता, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. आता म्हणणार नाही. ते सांगायचे, सर, दहातून एकदा होतंय. थंडी सुरू व्हायच्या आत दुकानांत माल नाही गेला तर वर्ष जाईल. पडदा काळा केला तर गिऱ्हाईक म्हणेल बिघडला, विक्रीवाले तो करू देत नाहीत. सर एकच विचारायचे, "तो दहावा माणूस तू आहेस का? नाहीस ना? मग तो कोण आहे ते मला दाखव, मी त्याला विचारतो चालेल का."

नोव्हेंबरात सर व्हिसाच्या कामाला मितो शहरात गेले होते. दुपारी केदारसाहेब एकटेच आले. मालक काउंटरवर होते. केदारसाहेब म्हणाले, सरांचा फोन होता, डबा मागवलाय, शिक्क्यासकट. मी जरा घुटमळलो. मालक म्हणाले, अरे दे ना, साहेब उभे आहेत.

मी दिला.

माझ्या डोक्यात शिक्का म्हणजे आमच्या काउंटरला दोरीनं बांधलेला हॉटेलचा शिक्का. पार्सलवाला आला की जो जवळ असेल तो मारतो, मीही मारतो. त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. लाकडाच्या त्या कांडीत माणसाची जबान असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मालकांसमोर मी नाही म्हटलं असतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सर आले. फ्रीजरवर हात नेला. डबा नव्हता. माझ्याकडे वळून विचारलं आणि मी सांगितलं. मला वाटलं आता छप्पर उडणार. ते कांद्याच्या पोत्यावर बसले. ऑफिसात सकाळीच पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं म्हणाले, आता कळलं कशाचं. नापास कागदांच्या जागी एक नवा कागद गेला असणार, पास, आणि खाली शिक्का सबनीस.

"माझी चूक झाली, सर," मी म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि ते उठले.

"गप. एकदम गप. तुझ्याशी खोटं बोलून कुणी तरी तुझ्या हातून वस्तू नेली. आणि तू माझी माफी मागतोस? त्याचा राग नाही येत तुला? येऊ दे ना जरा. की त्यालाही मालकांची परवानगी लागते?"

मी रडलो. मला राग आला, पण त्यांचाच आला. यांना काय जातंय बोलायला, यांच्याकडे डिग्री आहे, पुण्याला घर आहे. यांनी आपलं भांडण माझ्या फ्रीजरवर आणून ठेवलं, आणि तो डबा सांभाळायची अक्कल माझ्याकडून मागितली. हे मी त्यांना म्हटलंही, अडखळत, पण म्हटलं. आयुष्यात मोठ्या माणसाला पहिल्यांदा उलट बोललो. सर ऐकून घेत होते.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "डबा इथे ठेवायला नको होता. ती चूक माझी."

त्यांनी माकडटोपी घातली. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या अध्यक्षांकडे जातो म्हणाले. मी म्हटलं, मीही येतो, सांगतो की मी दिला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू यायचं नाहीस. तुझा व्हिसा या भिंतींवर टांगलाय. दार लाव, पाच वाजता उघडायचंय तुला."

मी दार लावलं. आणि इथे मला स्वतःचा जो राग येतो तो अजून गेलेला नाही. कारण दार लावताना मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. ते सायकलवर एकटे निघाले होते आणि मी संध्याकाळच्या डाळीला फोडणी देत होतो.

तिथे काय झालं ते टीममधल्या एका पोरानं नंतर सांगितलं, तो त्या वेळी कामासाठी तिथेच होता. सर म्हणाले, शिक्का माझा आहे, पण मी मारलेला नाही. तो मी बाहेर, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ठेवला हा माझा निष्काळजीपणा. कॅमेरा पास झालेला नाही. केदारसाहेबांचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. अध्यक्ष म्हातारे होते. त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग उठून कमरेत वाकले. गोदामात भरलेली खोकी तिथेच थांबली.

आणि सरांच्या स्वतःच्या कंपनीनं, पुण्याच्या, त्यांना परत बोलावलं. कारण काय, तर तपासणीचे कागद आणि शिक्का बेजबाबदारपणे बाहेर ठेवले. शब्दन् शब्द खरा. इतकं खरं वापरून इतकं खोटं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. केदारसाहेब राहिले. पुढच्या आठवड्यात जेवायलाही आले, जास्त तिखट घाल म्हणाले. मी घातलं, निमूटपणे घातलं.

डिसेंबरात सर निघाले त्या सकाळी मी मालकांना सांगून, विचारून नव्हे, तासभर बाहेर पडलो. नारिता विमानतळाची बस त्सुकुबा सेंटरवरून सुटते. पोरं आली होती, केदारसाहेबही आले होते. मी थालीपीठं बांधून नेली होती. सरांनी पुडकं हातात घेतलं, वास घेतला. "कांदा जास्त झालाय," म्हणाले, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. एवढंच म्हटलं, सर, त्या दिवशी मी यायला हवं होतं. ते म्हणाले, "हो." पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच, आणि चढले.

बस सुटायची वेळ झाली, दार लागलं, आणि पुन्हा उघडलं. काचेतून सर दिसत होते. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक आजीबाई बसल्या होत्या, आणि सर त्यांच्या सीटचा पट्टा ओढून बघत होते. एकदा ओढला, सुटला. दुसऱ्यांदा ओढला, सुटला. ते मान वर करून काही तरी बोलले. ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून मागे आला, वाकला, त्यानं ओढून पाहिला, पुन्हा वाकला. आजीबाई हातानं असू द्या, असू द्या करत होत्या. बसमधली माणसं घड्याळं बघत होती.

"जातानासुद्धा," केदारसाहेब हसून म्हणाले, आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी नेहमी हसायचो. मी हसलो नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, त्यांनी नजर दुसरीकडे वळवेपर्यंत.

सरांनी आजीबाईंना आपल्या खिडकीच्या सीटवर बसवलं. तिथला पट्टा स्वतः लावला, दोनदा खेचून पाहिला. मग त्या बिघडलेल्या सीटवर ड्रायव्हर कुणालाच बसू देईना, म्हणून ते पिशवी घेऊन मागे मागे जात राहिले, प्रत्येक रिकाम्या सीटचा पट्टा ओढत, आणि बस त्यांच्यासाठी चार मिनिटं उभी राहिली.